उरलेल्या टोपलीचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : धंदा आणि व्यवहार

या महिन्याच्या टपालात फुलांच्या दुकानांविषयीची तीन पत्रे निघाली. तिन्ही दुकाने लहान गावांतली आहेत आणि गावातला पैसा आटल्यावर फुले घेणार कोण, ही चिंता तिन्ही पत्रांत आहे. पहिल्या पत्रात बहुतेक सगळे मुद्दे आले असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : आमचे गाव सांगली जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. एस.टी. स्टँडकडून मारुतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे फुलांचे दुकान आहे. सासऱ्यांनी डोक्यावरच्या पाटीतून सुरू केलेला हा धंदा आता मी आणि माझे यजमान चालवतो. गावाचा सारा व्यवहार साखर कारखान्यावर अवलंबून असून गेल्या हंगामातली उसाची बिले अजून पुरती मिळालेली नाहीत. त्यामुळे यंदा लग्ने आटोपशीर झाली, वाढदिवसाचे पुष्पगुच्छ जवळजवळ बंद पडले आणि मंडपवाल्यांकडची आमची उधारी तुंबली. यजमान एक दिवसाआड पहाटे मिरजेच्या फूलबाजारातून माल आणतात. दुकान रिकामे दिसू नये म्हणून माल पूर्वीइतकाच भरतो, पण रात्री टोपल्यांत बरीच फुले तशीच राहतात आणि शेवटी टाकून द्यावी लागतात. हार ओवायला दोन बायका येतात, त्यांची मजुरी निघणेही अवघड झाले आहे. यजमानांचे म्हणणे, भाव उतरवला तर खप वाढेल. धाकटे दीर म्हणतात, निम्मा गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने द्यावा. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, कारखाना, लग्ने आणि उधारी यांविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे, पण मी थबकलो ते एका ओझरत्या वाक्यापाशी. दुकान रिकामे दिसू नये म्हणून माल पूर्वीइतकाच भरतो, असे तुम्ही लिहिता. तुमचा तोटा मला तिथे दिसतो. किराणा दुकानदाराची न खपलेली तूरडाळ पुढच्या महिन्यात विकता येते आणि कापडवाल्याची साडी पुढच्या दिवाळीला निघते, मात्र तुमचा मोगरा उद्या सकाळी कचरा असतो. म्हणून गिऱ्हाईक घटल्यावर इतर दुकाने वर्ष-दीड वर्ष तग धरतात आणि फुलांचे दुकान एका हंगामात बसते.

हे आकड्यांत मांडून पाहा. समजा, तुम्ही २,००० रुपयांची फुले आणली आणि दीडपट भावाने विकायला ठेवली. सगळी खपली, तर गल्ल्यात ३,००० येतात आणि १,००० सुटतात. मंदीमुळे गिऱ्हाईक एक तृतीयांशाने घटले, तर गल्ल्यात २,००० येतात आणि सुटत काहीच नाही. आता गिऱ्हाईक तेवढेच, भावही तोच, फक्त खरेदी १,४०० रुपयांची केली असे धरा. गल्ल्यात तेच २,००० येतील आणि ६०० रुपये हातात राहतील. गाडीभाडे आणि मजुरी मी या हिशेबात घेतलेली नाही, ती दोन्हीकडे सारखीच लागते. एकही नवे गिऱ्हाईक न मिळवता खेपेमागे ६०० रुपये वाचतात, ते फक्त दुकान भरलेले दिसावे हा मोह सोडल्यामुळे.

अर्थात हा मोह उगाच पडत नाही. भरल्या दुकानातच गिऱ्हाईक चढते, हे तुमच्या सासऱ्यांनाही ठाऊक असणार. त्यावर जुन्या हारवाल्यांची युक्ती अशी की मोठ्या टोपलीत आधी एक लहान टोपली पालथी घालायची, तिच्यावर ओले गोणपाट टाकायचे आणि वर दोन किलो झेंडू रचायचा. लांबून तो सहा किलोंसारखा दिसतो. उरलेली फळी नारळ, कापूर, वाती, उदबत्ती आणि जानवी यांनी भरावी. हा माल नासत नाही आणि फुले घ्यायला आलेल्या माणसाला तो लागतोच.

खरेदी किती उतरवायची हे अंदाजाने ठरवू नका. एक शंभर पानी वही घ्या आणि तीन आठवडे रोज रात्री प्रत्येक फुलापुढे तीन आकडे लिहा : किती आणले, किती गेले, किती टाकले. तिसऱ्या आठवड्यात वही स्वतःच बोलू लागते. सोमवारी बेल आणि पांढरी फुले, मंगळवारी व संकष्टीला दूर्वा आणि जास्वंद, गुरुवारी दत्ताला पिवळी शेवंती, शुक्रवारी वेण्या आणि गजरे हे वारांचे गणित तुम्हाला तोंडपाठ असेलच, पण प्रत्येक वाराला नेमके किती, हे बहुतेक दुकानदारांनी कधी लिहून ठेवलेले नसते. तुमचे दुकान मारुतीच्या वाटेवर आहे, तेव्हा शनिवारची रुईच्या पानांची माळ हा तर हक्काचा धंदा आहे. रुई माळरानावर फुकट वाढते आणि माळेला लागतो तो दोरा आणि वेळ.

माल एक दिवसाआड आणता, म्हणजे एका खेपेत दोन दिवसांची बेगमी करता. झेंडू आणि शेवंती दोन दिवस सहज टिकतात, मोगरा आणि सुटी गुलछडी टिकत नाहीत. त्यामुळे खेपेच्या दिवशी मोगरा आणि गुलछडी त्याच दिवशी संपेल एवढीच घ्यावी आणि आडदिवशी गजरा मिळणार नाही, असे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. झेंडू प्लॅस्टिकच्या गोणीत तसाच राहू दिला तर आतून तापतो आणि पाकळ्या काळ्या पडतात. दुकानात आल्याबरोबर तो गोणपाटावर पसरायचा आणि पावसाने भिजलेला असेल तर आधी पंख्याखाली कोरडा करायचा. या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत, फक्त पहाटेच्या घाईत त्या राहून जातात.

भाव उतरवण्याच्या तुमच्या यजमानांच्या विचाराशी मी सहमत नाही. हार स्वस्त झाला म्हणून कोणी मारुतीला दोन हार घालत नाही. पूजेच्या फुलांचा खप भावापेक्षा तिथीवर आणि वारावर चालतो. हात आखडलेल्या गिऱ्हाइकासाठी भाव तोच ठेवून वाटा लहान करावा. वीस रुपयांच्या पुड्याशेजारी दहाचा पुडा ठेवा. वीसचा घेणारा दहावर येईल ही भीती रास्त आहे, पण न घेता पुढे जाणारा त्यामुळे दुकानाशी थांबेल. एकदा उतरवलेला भाव गावात पुन्हा चढवताना किती ऐकून घ्यावे लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुड्याचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण मंदीत तुमचे दुकान वाचवील असे मला एकच काम दिसते आणि ते हेच आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांत फुलपुडीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पहाटे पानात बांधलेली मूठभर फुले दाराच्या कडीला अडकवलेली असतात, त्यांत दोन दूर्वांच्या जुड्या, तुळशीची मंजिरी, एखादे जास्वंद, चार शेवंतीची फुले, आणि पैसे महिन्याचे एकदम. लहान गावांत ही पद्धत फारशी रुजली नाही, कारण ज्याच्या त्याच्या परसात जास्वंद आणि तगर होती. आता परसाच्या जागी सिमेंटचे अंगण आले, कॉलन्या झाल्या, शिक्षक, बँकेचे लोक आणि निवृत्त मंडळी तिथे राहायला आली. या घरांचे उत्पन्न पगाराचे किंवा पेन्शनचे असते, उसाच्या बिलावर ते अडलेले नसते. तुमच्या मंदीतून मोकळे असलेले गिऱ्हाईक गावातच आहे, ते फक्त दुकानापर्यंत रोज येत नाही.

साठ घरे मिळाली आणि रोज दहा रुपयांची पुडी धरली तर दिवसाचे ६०० आणि महिन्याचे १८,००० रुपये होतात. यातून फुलांची किंमत, पाने, दोरा आणि पोहोचवणाऱ्या मुलाचे पैसे जातील, पण उद्या किती फुले लागणार हे तुम्हाला आदल्या रात्रीच कळलेले असेल. दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाकडून तुम्हाला ही खात्री मिळत नाही. सुरुवात वीस घरांपासून आणि एकाच कॉलनीपासून करा, नाहीतर मुलगा सकाळी गावभर सायकल हाणत बसेल. दूध किंवा पेपर टाकणारा मुलगा मिळाला तर उत्तम, त्याची फेरी तयारच असते. पैसे एक तारखेला आगाऊ घ्या. घर बंद राहिले तर तेवढ्या दिवसांचे पुढच्या महिन्यात वळते करून द्या, यावर घासाघीस करू नका. पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, फुलांना वाफ सुटते आणि उघडताना कुबट वास येतो. केळीचे किंवा पळसाचे पान ओल्या फडक्याने पुसून त्यात फुले ठेवली, देठाकडून घडी घातली आणि केळीच्या सोपाच्या धाग्याने एक आडवा, एक उभा वेढा दिला की दुपारपर्यंत फुले तरतरीत राहतात. तुमच्याकडच्या दोन्ही बायका सरावाने हे काम झपाट्याने करतील.

त्या दोघींना कमी करू नका. रोजाऐवजी नगावर मजुरी ठरवा, हाराला अमुक, पुडीला तमुक, आणि हा बदल त्यांच्याशी बसून, त्यांना पटवून करा. फुले मिरजेहून पुन्हा आणता येतात, पण घट्ट आणि एकसारखा हार ओवणारा हात एकदा शेजारच्या दुकानात गेला की परत येत नाही.

दूर्वा, बेल, तुळस आणि जास्वंद मिरजेहून आणत असाल तर ते थांबवा. गावाच्या शिवारात हिंडून दूर्वा खुडणाऱ्या बायका सापडतील, त्यांना जुडीमागे रोख पैसे द्या. झेंडूसाठी पाणी असलेला जवळचा एखादा शेतकरी गाठा. लावणीपासून सुमारे दोन महिन्यांनी झेंडूचे तोडे सुरू होतात, म्हणजे दसऱ्याचा झेंडू श्रावणाच्या आसपास रानात लागलेला असावा लागतो. त्याच्याशी हंगामभराचा एकच मध्यम भाव ठरवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजार चढला तरी त्याने तुम्हाला त्याच भावाने द्यायचे आणि एरवी भाव कोसळला तरी तुम्ही त्याच भावाने उचलायचे. ऐन दसऱ्याला दुपारी बारानंतर रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग तसेच टाकून टेम्पो परत जाताना तुम्ही पाहिले असतील. सकाळी सोन्याच्या भावाने विकली जाणारी वस्तू चार तासांत कवडीमोल होते, अशा बाजारात ठरलेला भाव दोघांच्याही हिताचा असतो.

लग्नांविषयी सांगायचे तर फूलवाल्याला पंचांग दोनदा वाचावे लागते, एकदा लग्नाच्या मुहूर्तांसाठी आणि एकदा सणांसाठी. सुदैवाने ही दोन टोके एकमेकांना सावरतात. चातुर्मासात लग्ने थांबतात, तेव्हाच श्रावण, गणपती, गौरी आणि नवरात्राच्या नऊ माळा येतात. खोडा घालतो तो अधिक मास. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता आणि १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा महिना मध्ये घुसल्यामुळे गणपती १९ सप्टेंबरपर्यंत लांबले. २०२६ चा अधिक ज्येष्ठ तर १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लगीनसराईत. अशा महिन्यात लग्नाच्या भरवशावर गुलाब किंवा जरबेराची आगाऊ मागणी नोंदवणे म्हणजे हाताने खड्डा खणणे आहे.

आणि लग्नाचे काम घेताना निम्मा इसार घेतल्याशिवाय फुले मागवू नका. मंडपवाल्यामार्फत आलेल्या कामाचे पैसे मंडपवाल्याकडे अडकतात, म्हणून लग्नघरच्या मंडळींशी थेट बोलून फुलांचे बिल वेगळे ठेवण्याचा आग्रह धरावा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला क्रेनने चढवायच्या हारांचे काम आले तर इसार निम्मा नव्हे, पुरा घ्यावा. त्या हारांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, पैसे मात्र कधी येतील ते देव जाणे.

जुन्या उधारीविषयी एक व्यवहाराची गोष्ट. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज देणे लागते. प्रत्यक्षात काय होते ते तुम्ही अनुभवताच आहात. पण थकलेले बिल जेव्हा येते तेव्हा साऱ्या गावाच्या खात्यांत एकाच आठवड्यात येते, आणि त्या आठवड्यात सोसायटी, खतवाला आणि किराणावाला सगळेच दारात उभे राहतात. तुमची यादी तेव्हा तयार हवी, नाव, तारीख आणि रक्कम यांसह. फुलांची उधारी लहान असते म्हणून ती सगळ्यांत शेवटी आठवते, मात्र लहान असल्यामुळेच पहिल्या दिवशी मागितली तर चटकन मिळते.

दीरांची सूचना मी झिडकारणार नाही. फुलांच्या दुकानाला आतल्या गाळ्यापेक्षा पुढचा ओटा, सावली आणि पाण्याचा नळ अधिक लागतो. या तीन गोष्टी तुमच्याकडे राहत असतील तर मागचा भाग भाड्याने द्यायला हरकत नाही. मात्र गाळा तुमच्या मालकीचा नसेल तर मूळ मालकाची लेखी संमती आधी घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे परस्पर पोटभाडेकरू ठेवणे हे गाळा खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते, आणि मंदीत जागा गमावणे तुम्हाला परवडणार नाही.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातील एका गावात दोन वर्षांपासून पुष्पगुच्छ आणि सजावटीचे दुकान चालवतो. उन्हाळ्यात गुलाब आणि जरबेरा दुपारपर्यंत माना टाकतात. काचेचे शीतकपाट घेण्यासाठी कर्ज काढावे, असे मित्र सुचवतात. सध्या धंदा निम्म्यावर आहे. मुद्रा कर्ज मिळेल का आणि ते घ्यावे का?
— एक तरुण वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : मिळेल का, याचे उत्तर सोपे आहे. लहान धंद्यांसाठी २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशू, ५ लाखांपर्यंतचे किशोर आणि १० लाखांपर्यंतचे तरुण असे गट आहेत आणि त्यांना तारण लागत नाही. किरकोळ व्यापाऱ्यांनाही २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करता येते आणि बँकांनी अग्रक्रमाने द्यायच्या कर्जासाठी ती उपयोगी पडते. कागदपत्रे नीट असतील तर बँकेने दारातून परतवण्याचे कारण नाही.

घ्यावे का, याचे माझे उत्तर मात्र सध्या नाही असे आहे. बँकेच्या नोकरीत असताना मी एका हारवाल्याला दसऱ्याच्या मालासाठी कर्ज मंजूर केले होते. त्याने टेम्पोभर झेंडू आणला, रात्री अवेळी पाऊस आला, ताडपत्री फाटकी निघाली आणि सकाळी टेम्पोतून तपकिरी पाणी गळत होते. तो माणूस प्रामाणिक होता, त्याने तीन वर्षे हप्ते फेडले, पण ज्या फुलांचे हप्ते तो फेडत होता ती एका रात्रीतच संपली होती. तेव्हापासून माझे मत असे बनले की फुलवाल्याने मालासाठी कर्ज कधीच काढू नये आणि यंत्रासाठी काढायचे तर धंदा चढता असताना काढावे. शीतकपाटाला हप्त्याखेरीज वीजबिलही असते, आणि गिऱ्हाईक निम्मे असताना कपाटात थंड राहिलेली फुले विकणार कोणाला, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या जिल्ह्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एक स्वस्त उपाय उत्तम चालतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला आहे. नाव भारदस्त असले तरी तो विटांचा एक हौद आहे. सावलीत आणि वाऱ्याच्या जागी विटांचा तळ रचायचा, त्यावर विटांच्या दोन भिंती साडेसात सेंटिमीटरचे अंतर ठेवून सुमारे गुडघ्याच्या वर उभ्या करायच्या, मधल्या पोकळीत बारीक वाळू भरायची आणि वर बांबू व वाळलेल्या गवताचे झाकण करायचे. वाळू, विटा आणि झाकण सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवत राहिले की माठातले पाणी ज्या रीतीने गार होते त्याच रीतीने आतली हवा गार होते. कडक उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते. गुलाबाला तर आर्द्रता फारच मानवते. पावसाळ्यात दमट हवेमुळे याचा उपयोग घटतो, पण तेव्हा तुम्हाला त्याची गरजही कमी असते. गवंडी सांगेल तो खर्च काही हजारांत बसेल आणि त्यासाठी बँकेची पायरी चढावी लागणार नाही.

बाकी थोडे हाताचे काम आहे. गुलाबाची काडी तिरकी कापावी, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि बादली रोज घासावी. बुळबुळीत बादलीत ताजे पाणी ओतून काही साधत नाही. जरबेराला पाणी चार बोटेच ठेवावे, त्याचा लुसलुशीत देठ खोल पाण्यात कुजतो. आणि पूजेसाठी केळी विकत असाल तर ती फुलांपासून लांब ठेवा. पिकत्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या मिटून जातात. अनेक दुकानदार याचा दोष फुलबाजारातल्या आडत्याला देत असतात.

पुष्पगुच्छांचे गिऱ्हाईक मंदीत सर्वांत आधी जाते आणि सर्वांत शेवटी परत येते, हे लक्षात घेऊन दुकानाच्या पुढच्या फळीवर हार, दूर्वा आणि सुटी फुले आणा. सजावटीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला हे थोडे कमीपणाचे वाटते, याची मला कल्पना आहे. गावातल्या लोकांना तुमचे दुकान रोजच्या कामाचे वाटू लागले की गुच्छाची आठवणही तुमच्याकडेच येईल.

प्रश्न : आमचे दुकान सिंधुदुर्गात बाजारपेठेच्या गावी आहे. प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा आणि तोरणे आता सगळीकडे मिळतात आणि गिऱ्हाईक ‘एकदा घेतले की पाच वर्षे बघायला नको’ असे म्हणते. मंदीच्या दिवसांत आम्हीही तोच माल ठेवावा का?
— एक दुकानदार, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ठेवू नये, असे माझे मत आहे आणि ते निव्वळ व्यापारी मत आहे. ज्याला तुम्ही पाच वर्षांचे तोरण विकले तो पाच वर्षे तुमच्या दुकानात येणार नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या तोरणात तुमची स्पर्धा भांड्यांच्या दुकानाशी, आठवडेबाजाराशी आणि मोबाइलवरच्या घाऊक विक्रेत्यांशी होते आणि त्यांच्या भावाला तुम्ही पुरे पडणार नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असल्यामुळे मखरासाठी लोक काहीतरी दुसरे शोधत असतात, तिथे पानाफुलांना वाव आहे.

तुमच्या जिल्ह्यापाशी तर असा माल आहे की जो घाटावरच्या दुकानदाराला पैसे देऊनही मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगी फुलते. पहाटे कळ्या काढून ओवलेल्या तिच्या वळेसराचा, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्याचा, वास वाळल्यावरही कितीतरी दिवस टिकतो आणि त्यासाठी मुंबई-गोव्याकडे जाणारी गिऱ्हाइके वाट वाकडी करून येतात. अबोलीचे वळेसर तर बारमाही देता येतील.

आणि गणपतीच्या माटवीचा विचार करा. मूर्तीवर टांगायच्या त्या चौकटीला कवंडळाची रानफळे, हरण, तेरडा, शेरवड ही रानफुले, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळे असे किती काय लागते ते मी तुम्हाला सांगायला नको. पूर्वी घरातले कोणीतरी दोन दिवस रान धुंडाळून हे सारे आणत असे. आता चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडीतून उतरतो, त्याला रान ठाऊक नसते आणि वेळही नसतो, पण माटवी रिकामी ठेवायला त्याचे मन धजत नाही. रानातल्या वस्तू आणणाऱ्या बायका-पुरुषांशी आत्ताच बोलून ठेवा, त्यांना आगाऊ थोडे पैसे द्या आणि एका माटवीला पुरेल असा वाणवार बांधलेला भारा दोन मापांत तयार करा. कळलावीसारखी दुर्मीळ होत चाललेली फुले त्यात घालू नका. चाकरमान्यांच्या गावच्या घरी फोन करून नोंदणी श्रावणातच घ्या, म्हणजे किती भारे बांधायचे ते नक्की कळेल आणि चतुर्थीच्या दुपारी दुकानात एकही कवंडळ उरणार नाही.